स्पिटफायर टेकऑफलाच डावीकडे पळतंय – मदत हवी आहे (तातडीची)

निळी_घार
संध्याकाळपासून डोकं फिरलंय. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (संगणकावर विमान उडवायचा खेळ) स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, धावपट्टीवर सरळ जातच नाही. थ्रॉटल (इंजिनाची ताकद) दिला की डावीकडे वळायला लागतं. मी उजवा रडर (शेपटीचं उभं हलणारं पातं) देतो, आधी काहीच होत नाही, मग एकदम झपकन उजवीकडे फिरतं, डावा पंख जमिनीला टेकतो आणि खेळ खल्लास. शनिवारी रात्री आमच्या गटाची मोहीम आहे. मला लीडरच्या मागचं दोन नंबरचं विमान दिलंय आणि मी अजून जमिनीवरच आहे. कुठली सेटिंग बदलायची तेवढं सांगा. थिअरी नको, प्लीज.

गोदाकाठ
कुठलं सिम (सिम्युलेटर)? डीसीएस की आयएल-२? स्पिटफायरचा मार्क (आवृत्ती) कुठला? रडरसाठी पायाचे पेडल आहेत का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

निळी_घार
डीसीएस, अर्थात. मार्क ९. जॉयस्टिक आहे. तिच्यात काही दोष नाही, गेलं वर्षभर एफ-१८ जेट तिच्यावरच उडवतोय, अगदी जहाजावर उतरवलंय.

रात्रपाळी
सेकंदाला फ्रेम (पडद्यावरची चित्रं) किती मिळतात? माझ्याकडे नॉर्मंडीच्या नकाशावर झाडांमुळे फ्रेम इतक्या पडायच्या की विमान उशिरा ऐकतंय असं वाटायचं. आधी सावल्या कमी करा, मग बाकीचं बघा. आणि रॅम ३२ जीबीच्या खाली असेल तर वाढवून घ्या.

निळी_घार
फ्रेम व्यवस्थित आहेत. प्रश्न विमान डावीकडे जाण्याचा आहे.

तिसरा_मजला
एफ-१८ विसरा. त्याला नाकाखाली चाक आहे आणि पंखा नाही. स्पिटफायर शेपटीवर बसतं, शेपटीचं चाक मोकळं फिरतं आणि त्याला लॉक नाही. जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये शेपटीचं चाक लॉक करायची दांडी आहे, अमेरिकन मस्टँगमध्ये स्टिक पोटाशी धरली की लॉक होतं. इथे सगळं तुमच्या पायांवर. म्हणून पेडल घ्या. पिळायच्या जॉयस्टिकवर (मूठ पिळून रडर द्यायचा) स्पिटफायर होत नाही, हे मी कुठल्याही धाग्यावर लिहायला तयार आहे.

सातारी_वारा
असं काही नाही, तिसरा मजला. मी पिळायच्या स्टिकवरच उडवतो आणि रोज उडवतो. पैसे नसलेल्या माणसाला आल्या आल्या पेडल घ्यायला सांगू नका. निळी घार, ऑप्शनमध्ये ‘स्पेशल’ टॅब आहे, त्यात स्पिटफायर निवडा. टेकऑफ असिस्टन्स असतो, तो १०० वर करा. संपला प्रश्न.

निळी_घार
तो मी शून्यावर ठेवलाय. एका व्हिडिओत सांगितलं होतं की शून्यच हवा. आणि आमच्या गटात असिस्ट चालत नाही.

सातारी_वारा
गटाला कसं कळणार? शिकेपर्यंत तरी ठेवा.

गोदाकाठ
नको. असिस्ट तुमच्या नकळत रडर हलवतो, त्यामुळे पाय (किंवा मनगट) चुकीचं शिकतो. मग बंद केल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मी ह्या मताचा आहे आणि राहणार.

सातारी_वारा
शनिवारी मोहीम आहे म्हणतायत ते. तुमचं तत्त्व रविवारी पाळू द्या.

लेस्टरकर
धागाकर्त्याने थिअरी नको म्हटलंय, पण ह्या विमानाच्या बाबतीत थिअरी हीच सेटिंग आहे, तेव्हा वाचा.

मार्क ९ ला मर्लिन इंजिन. कॉकपिटमधून बघितलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्यामुळे चार गोष्टी होतात आणि चारही नाक डावीकडेच ओढतात. इंजिनाच्या पिळामुळे विमान डाव्या चाकावर भार टाकतं. पंख्याची हवा धडाभोवती वळसे घेत मागे जाते आणि शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते. शेपटी खाली असताना पंखा हवेला तिरका असतो, त्यामुळे उजवीकडे खाली येणारं पातं जास्त ओढतं. आणि शेपटी उचलली की फिरत्या पंख्याच्या जायरोमुळे नाक पुन्हा डावीकडे. म्हणजे शेपटी घाईने उचलाल त्याच क्षणी वळण वाढणार.

त्यात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे. हातगाडी दांडीने ओढली तर मुकाट मागे येते, तीच ढकलत नेली तर जरा तिरकी झाली की आणखी तिरकी होत जाते. ही ढकललेली गाडी आहे. वळण दिसल्यावर रडर दिला तर उशीर झालेला असतो. सुरुवातीला वेग नसल्यामुळे रडर चावत नाही, म्हणून तुम्ही तो आणखी वाढवता. वेग येतो, तोच रडर एकदम चावतो आणि उजवीकडे झपका बसतो. तुम्ही वर्णन केलंय ते हुबेहूब हेच.

म्हणून: रडर ट्रिम (रडरला एका बाजूला कायम कल देणारी सोय) पूर्ण उजवीकडे, सुटण्याआधीच. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारं पातं) ट्रिम एक खूण नाक खाली. थ्रॉटल हळू, अगदी हळू, आणि बूस्ट (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) +७ वर थांबा. फार तर +८. हे इंजिन +१८ पर्यंत जातं, पण ते लढाईसाठी आहे, धावपट्टीसाठी नाही. स्टिक किंचित उजवीकडे. शेपटी स्वतःहून हलकी होऊ द्या. रडर दाबून धरू नका, छोटे छोटे टोचे द्या आणि लगेच सोडा.

मी इथे इंग्लंडमध्ये डक्सफर्डला ही विमानं उडताना दर उन्हाळ्यात बघतो. गवतावरून सुटताना रडर सतत हलत असतो, लांबूनही दिसतो. ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृती-तुकडीत आजही वैमानिकांना आधी चिपमंक ह्या प्रशिक्षण विमानावर शेपटीच्या चाकाचा सराव देतात.

कोकणकडा
फ्लॅप (पंखाच्या मागच्या खाली उघडणाऱ्या झडपा) अर्धे द्या, लवकर उचलेल.

लेस्टरकर
स्पिटफायरला अर्धे फ्लॅप नसतात. एक तर बंद, नाही तर पूर्ण उघडे, आणि पूर्ण उघडे फक्त उतरताना.

जुनी_पाने
ह्यावरून आठवलं. १९४२ साली माल्टा बेटाला स्पिटफायर पोचवायची होती, तेव्हा अमेरिकेच्या ‘वास्प’ ह्या विमानवाहू जहाजावरून ती सोडली. धाव कमी, म्हणून फ्लॅप थोडेच उघडे राहावेत यासाठी मध्ये लाकडी पाचरी बसवल्या. हवेत गेल्यावर वैमानिक फ्लॅप पूर्ण उघडायचा, पाचर समुद्रात पडायची, मग फ्लॅप बंद. इतका साधा उपाय आणि त्यावर एक बेट तगलं.

अवांतर: आपल्या ८ नंबरच्या स्क्वॉड्रनकडे ब्रह्मदेशच्या आघाडीवर मार्क ८ होती. त्याआधी ते व्हेंजन्स बाँबर उडवायचे. आराकानचा नकाशा कोणी बनवला तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन. युरोपची मोहीम सगळे खेळतात, आपली माणसं जिथे लढली तिकडे कोणी बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोकणकडा
जुनी पाने, +१. अर्जनसिंगांची हरिकेन स्क्वॉड्रन १९४४ ला इंफाळला होती, त्यावर एक तरी मोहीम हवी. हरिकेन आयएल-२ मध्ये आहे. निळी घार, तुम्ही सरळ हरिकेनच घ्या ना? चाकं लांब लांब आहेत, पंख टेकत नाही.

तिसरा_मजला
हरिकेन घेऊन १०९ च्या मागे कसे जाणार?

कोकणकडा
बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये हरिकेननी स्पिटफायरपेक्षा जास्त विमानं पाडली होती. जरा वाचा.

तिसरा_मजला
संख्येने जास्त होती म्हणून. आणि ते १९४० होतं, इथे मोहीम १९४४ ची आहे.

निळी_घार
विमान मी ठरवत नाही, लीडर ठरवतो. स्पिटफायरच आहे.
लेस्टरकर, ट्रिम आणि हळू थ्रॉटल करून बघितलं. अर्धी धावपट्टी सरळ गेलो, मग परत डावीकडे. आधीपेक्षा बरं आहे, पण उडालं नाही.

गोदाकाठ
उजवा कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. डाव्या कोपऱ्यात एक चौकट येते, त्यात स्टिक, रडर, थ्रॉटल नेमके कुठे आहेत ते दिसतं. ती चालू ठेवून धावा आणि काय दिसतं ते लिहा. आणि ब्रेक कशावर दिलेत?

निळी_घार
ब्रेक कीबोर्डवर, डब्ल्यू.
चौकट लावली. रडर हलतोय. पण मी उजवीकडे पिळलं की स्टिकची खूण डावीकडे आणि मागे जाते. मनगटच तसं वळतं.

गोदाकाठ
हे महत्त्वाचं आहे. म्हणजे उजवा रडर देताना तुम्ही डावं एलेरॉन (विमान कलवणारं पंखावरचं पातं) देताय, डाव्या चाकावर आणखी भार. आडव्या अक्षाला थोडा डेडझोन (मध्याजवळची हालचाल दुर्लक्षायची जागा) द्या आणि पिळायच्या अक्षाला कर्व्ह (मध्याजवळ सौम्य प्रतिसाद) द्या, १५-२० च्या आसपास. पिळताना स्टिक खालून धरा, मुठीने नको.

ब्रेकबद्दल: स्पिटफायरचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि त्याची दांडी स्टिकच्या कडीवर असते. रडर मधोमध असेल तर दोन्ही चाकं धरतात, उजवा रडर दिला तर उजवं चाक. म्हणजे सुरुवातीच्या काही मीटरमध्ये, रडरला अजून हवा नसताना, उजवा रडर आणि ब्रेकचा हलका स्पर्श ह्याने नाक सरळ राहतं. पण कीबोर्डवर हलका स्पर्श नसतो, तिथे सगळा ब्रेक लागतो आणि विमान नाकावर उभं राहतं. कुठला तरी मोकळा स्लायडर ब्रेकला द्या.

माझे वडील ओझरला एचएएलमध्ये होते. मिग-२१ चा ब्रेकही असाच, स्टिकवरची दांडी आणि पेडलने डावं-उजवं. ते डीसीएसमधल्या मिगचा तो फुस्स आवाज ऐकायला माझ्या खोलीत येऊन बसायचे.

कोकणकडा
मिग-२१ चा निरोप समारंभ बघितला का? २६ सप्टेंबर २०२५, चंदीगड. १९६३ ला जिथे पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली तिथेच.

गोदाकाठ
टीव्हीवर बघितला, आईबरोबर. त्यावर वेगळा धागा काढा, मला खूप लिहायचंय.

अवजारपेटी
पेडलचा विषय निघालाच आहे तर: विकत घेऊ नका, बनवा. प्लायवूड, दोन बेअरिंग, स्प्रिंग, एक प्रो मायक्रो बोर्ड आणि ४९ई हॉल सेन्सर. सेन्सरसमोर चुंबक फिरला पाहिजे, म्हणजे घासून खराब व्हायला काही राहत नाही. बोर्ड यूएसबीला लावला की संगणकाला तो जॉयस्टिकच वाटतो. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत सेन्सर आणि बोर्ड दोन्ही मिळतात. माझे पेडल अजून दणकट आहेत. कोणाला मापं हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सातारी_वारा
शनिवारच्या आत सुतारकाम?

अवजारपेटी
शनिवारनंतरही ते उडवणारच आहेत ना.

अबोली_०७
मी स्पिटफायर घ्यायच्या आधी टीएफ-५१ वर शिकले. डीसीएसबरोबर फुकट येतं, शस्त्रं नसलेलं मस्टँग. शेपटीचं चाक स्टिक मागे धरून लॉक करता येतं, त्यामुळे रडरची सवय हळूहळू होते. युद्धातही कोणाला थेट स्पिटफायर देत नव्हते, आधी टायगर मॉथ, मग हार्वर्ड अशी शिकायची विमानं.
पण मुख्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. दादा, मोहिमेत वारा किती आहे आणि कुठून?

निळी_घार
वारा बघितला नव्हता. बघून सांगतो.
...
५ मीटर प्रति सेकंद, धावपट्टीला जवळपास आडवा. सुटताना डावीकडून येतो. वारा शून्य करून सराव मिशन बनवलं आणि पहिल्याच धावेत उडालो!! कर्व्ह, ट्रिम, +७, सगळं तुम्ही सांगितलं तसं. पण मोहिमेतला वारा मला बदलता येणार नाही, ती फाइल दुसरा बनवतो.

अबोली_०७
तेच. डावीकडून वारा म्हणजे तो शेपटीला उजवीकडे ढकलणार आणि नाक वाऱ्याकडे, म्हणजे पुन्हा डावीकडेच, वळणार. पंखा आणि वारा दोघं मिळून तुमच्याविरुद्ध.
वारा बदलता येत नसेल तर टोक बदला. त्याच धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून सुटलात तर तोच वारा उजवीकडून येईल, नाक उजवीकडे ओढेल आणि मर्लिनची डावी ओढ बरीचशी त्यातच जाईल. वारा अगदी आडवा असेल तर पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा तोटाही नगण्य. लीडरला विचारा.

लेस्टरकर
अबोलीताईंचं बरोबर आहे. फक्त हे मर्लिनपुरतं लक्षात ठेवा. ग्रिफन इंजिनाची स्पिटफायर, उदाहरणार्थ मार्क १४, हिचा पंखा उलटा फिरतो आणि ती उजवीकडे पळते. मर्लिनची सवय असलेले अनुभवी वैमानिकही तिथे सुरुवातीला गोंधळायचे.

रात्रपाळी
तोफांचं कन्व्हर्जन्स (दोन्ही पंखांतले गोळे जिथे एकत्र येतात ते अंतर) कितीवर ठेवता तुम्ही सगळे? हिस्पॅनोच्या दोन तोफांना प्रत्येकी १२० च गोळे असतात, लांबून वाया जातात माझे.

तिसरा_मजला
तो वेगळा प्रश्न आहे, पण जवळ जा. १०९ आरशात नाही, काचेत भरला पाहिजे.

निळी_घार
लीडरशी बोललो. तो म्हणाला टोक बदलायला हरकत नाही, सगळी तुकडी तिकडूनच सुटेल. दुसऱ्या टोकावरून त्याच वाऱ्यात उडून बघितलं, जमतंय. रडर लागतो, पण हातात राहतं. सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच.
आता एक नवीन. दुसऱ्या टोकापर्यंत टॅक्सी (जमिनीवरून चाकांवर जाणं) लांब आहे आणि आठ विमानं रांगेत. आज सरावात माझं इंजिन सुटायच्या आधीच तापलं, काटा ११५ च्या पुढे.

गोदाकाठ
जमिनीवर रेडिएटरला हवा मिळत नाही, म्हणून तापतं. आठांनी एकदम इंजिन सुरू करू नका. लीडर आणि तुम्ही आधी, तुमची जोडी हलली की पुढची जोडी. टॅक्सीला थ्रॉटल अगदी कमी, आणि थांबावं लागलं तर नाक वाऱ्याकडे करून थांबा. नाकापुढचं काही दिसत नाही, तेव्हा नागमोडी चालवा, नाही तर लीडरच्या शेपटीत पंखा घालाल.

सातारी_वारा
आणि चाकं उचलल्यावर रडर ट्रिम मध्यावर आणायला विसरू नका, नाही तर लीडरच्या बाजूने तिरके जात राहाल. उतरताना शेवटच्या टप्प्यात ताशी ९५ ते १०० मैल, वळत वळत या म्हणजे धावपट्टी दिसत राहते. शनिवारी किती वाजता आहे? स्ट्रीम करणार असाल तर लिंक टाका.