मदत हवी आहे: टेलिमेडिसिन केंद्रात डॉक्टरांनी नर्सवर नेमकं काय सोपवावं?

नमस्कार मंडळी,

मी जीएनएम नर्स, तालुक्याच्या गावी एका खासगी टेलिमेडिसिन केंद्रात आहे. डॉक्टर पुण्यात, पेशंट माझ्यासमोर. बीपी-शुगर तपासायची, जुने कागद पाठवायचे, व्हिडिओ कॉल लावून द्यायचा, एवढं माझं काम ठरलं होतं. आता गर्दी झाली की मॅनेजर म्हणतात, "फॉलोअपचे तुम्हीच बघा सिस्टर, सर रात्री एकदम मंजूर करतील." डॉक्टरांचं लॉगिन केंद्रातल्या टॅबवर उघडंच असतं, चिठ्ठीवर त्यांची सही आपोआप येते.

मध्यंतरी अम्लोडिपिन ५ ही बीपीची गोळी चालू असलेल्या एका आजींचं बीपी १८०/११० आलं. डोस वाढवून चिठ्ठी काढा, असं मला सांगण्यात आलं. मी काढली नाही, आजींना ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना मी वाचल्यात. आरोग्य कर्मचाऱ्याने पेशंटची ओळख पटवायची, संमती घ्यायची, फोनवरच्या तपासणीच्या मर्यादा समजावायच्या, लक्षणं डॉक्टरांना सांगायची, हे त्यात आहे. औषध मात्र नोंदणीकृत डॉक्टरनेच लिहायचं, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. जुन्या आजाराच्या गोळ्या पुन्हा द्यायच्या तर सूचनांमधली औषधांची लिस्ट ए, त्याच आजारात नवी गोळी जोडायची तर लिस्ट बी, पण दोन्हीकडे निर्णय डॉक्टरचाच. यंत्रालाही चिठ्ठी लिहायची मुभा नाही. मग डॉक्टरांच्या नावाने मी कशी लिहू?

भीती उगाच नाही. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका बाळंतिणीला डॉक्टर गावात नसताना फोनवरून औषधं सांगितली गेली, ती दगावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. नोंदणीशिवाय वैद्यकी केली तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) कायद्याच्या कलम ३४ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डॉक्टरच अडकले तर माझं काय होईल?

केंद्र बंद व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. गुडघे धरून एसटीने पुण्याला जाणारी माणसं आता घराजवळ तपासून घेतात, ही फार मोठी सोय आहे. म्हणूनच ती नीट चालावी.

ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर काम करणारे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) इथे असतील तर सांगा: तुमच्याकडे कुठल्या गोळ्या तुम्ही स्वतः देता आणि कुठे डॉक्टर ऑनलाइन येईपर्यंत थांबता? लेखी आदेश कोणाच्या सहीचा असतो? वकील मंडळी, डॉक्टरांनी "रिफिल (त्याच गोळ्या पुन्हा) तुम्ही द्या" असं लेखी दिलं तर ती जबाबदारी त्यांचीच राहते, की माझ्यावरही येते? आणि उघड्या लॉगिनबद्दल तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करायची की आधी डॉक्टरांना ईमेल करून ठेवायचा?

सोमवारी व्यवस्थापनाशी बैठक आहे. कामाच्या वाटणीचा लेखी नमुना कोणाकडे असेल तर त्याआधी इथे टाका, प्लीज.