कॅसेटवरची कीर्तनं सिंगापूरला पाठवायची आहेत, ११ जीबी – मदत हवी आहे

मंडळी, आजोबांच्या कीर्तनांच्या १२ कॅसेट (सगळ्या ९० मिनिटांच्या) कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. एकेक डब्ल्यूएव्ही फाइल साधारण ९५० एमबीची. हे सगळं सिंगापूरच्या आतेभावाला पाठवायचंय.

मेलने जाणार नाही, हे कळतंय. झिप केली तर आकार जवळपास तेवढाच! अपलोडला लावलं की मध्येच नेट जातं आणि पुन्हा पहिल्यापासून. प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण स्पीड टेस्टमध्ये अपलोड ५ दाखवतं. हे काय गौडबंगाल आहे? दर्जा मात्र घालवायचा नाहीये, चिपळ्या आधीच जेमतेम ऐकू येतात. सरळ पेनड्राइव्ह कुरियर करू का?

प्रतिसाद १
जाहिरातीतला आकडा बहुतेकदा डाउनलोडचा असतो. शिवाय एमबीपीएस म्हणजे मेगाबिट आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, तेव्हा ८ ने भागा. तुमचं अपलोड सेकंदाला ०.६ एमबी. ११ जीबीला पाचेक तास, तेही नेट एकदाही न जाता.

झिप पुन्हापुन्हा येणारा मजकूर हेरून जागा वाचवते. कॅसेटच्या खरखरीत तसं काही सापडत नाही. त्यासाठी फ्लॅक नावाचा फाइलचा प्रकार आहे, खास आवाज कमी जागेत साठवण्यासाठीच बनवलेला. त्यात एक कणही गळत नाही. पण त्याआधी एक बघा: कीर्तन एकाच माइकवर रेकॉर्ड झालंय ना? मग डावी-उजवी बाजू सारखीच असणार. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये मोनो करा, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून एकच, निम्मं ओझं तिथेच उतरलं. मग फ्लॅक. सगळं मिळून तीन-चार जीबीत बसावं. कुरियर कशाला!

प्रतिसाद २
+१. आणि एकच अगडबंब झिप नको, कॅसेटगणिक वेगळी फाइल ठेवा. ब्राउझरपेक्षा गूगल ड्राइव्हचं डेस्कटॉप ॲप बरं, नेट परत आलं की राहिलेलं काम आपलं आपण पुढे चालू करतं. फुकटच्या १५ जीबीत तुमचे मेल आणि फोटोही मोजले जातात, तेवढी जागा आधी बघून घ्या. घाई असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जाते.

धागाकर्ता
मोनोचं डोक्यातच आलं नव्हतं! हेडफोन लावून पाहिलं, पेटी दोन्ही कानांत सारखीच. पण फाइल तिकडे धड पोचली, हे भावाला कसं कळणार?

प्रतिसाद १
फ्लॅकच्या पोटातच मूळ आवाजाचा एमडी५ ठसा, म्हणजे त्या आवाजावरून काढलेला तपासणीचा आकडा असतो. भावाला फूबार२००० या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये फाइल तपासायला सांगा, एक बिट जरी इकडचा तिकडे झाला असेल तरी ते दाखवेल. ती फाइल तेवढी पुन्हा पाठवायची.