“रिकामी आहे” म्हणतानाच बार उडतो: गन शोच्या दारावरचा धोका

ओहायोकर

गेल्या ऑक्टोबरात शेजाऱ्याबरोबर इथल्या, अमेरिकेतल्या, एका गन शोला, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनाला, गेलो होतो. त्याला वडिलांची जुनी शॉटगन विकायची होती. दारावर मोठी रांग. स्वतःचं हत्यार आत न्यायचं तर ते तिथेच रिकामं करून दाखवायचं, मग स्वयंसेवक त्याच्या चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीमागच्या पोकळीतून, नायलॉनचा पट्टा ओवून आवळून टाकतो. पट्टा असेपर्यंत काडतूस आत बसत नाही. नियम चांगलाच आहे.

आमच्या पुढच्या गृहस्थांनी कमरेचं पिस्तूल काढलं आणि स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली. एक काडतूस टणकन खाली पडलं आणि गडगडत एका पोराच्या बुटाशी जाऊन थांबलं. मग त्यांनी मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची डबी, काढलं आणि “रिकामं आहे” म्हणत पिस्तूल पुढे केलं. टेबलामागच्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाने ते हातातच घेतलं नाही. म्हणाला, पुन्हा ओढा. ओढली, तर आणखी एक काडतूस बाहेर आलं! मॅगझिन आधी आणि स्लाईड नंतर, हा क्रम उलटा झाला की चेंबरमधलं काडतूस उडून जातं आणि त्याच झटक्यात मॅगझिनमधलं पुढचं तिथे जाऊन बसतं. माणसाला वाटतं, काम झालं. एवढा वेळ नळी रांगेतल्या बायकापोरांच्या पोटाच्या उंचीवर होती.

घरी आल्यावर २०१३ सालच्या बातम्या पुन्हा काढून वाचल्या. सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडाला जेमतेम महिना उलटला होता आणि १९ जानेवारीला, शनिवारी, बंदूकप्रेमींनी देशभर ‘गन ॲप्रिसिएशन डे’ पाळला. त्या एका दिवसात तीन गन शोंमध्ये मिळून पाच जण जखमी झाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात तपासणीसाठी पिशवीची चेन उघडताना १२ बोअरची शॉटगन उडाली, तिघांना छर्रे लागले. आमच्या ओहायोत, मेडायनाला, एका विक्रेत्याने नुकतंच विकत घेतलेलं पिस्तूल तपासताना चाप ओढला. मॅगझिन काढलेलं होतं, चेंबरमध्ये एक काडतूस राहिलं होतं, ते त्याच्या मित्राला लागलं. इंडियानापोलिसला एक जण बाहेर पडून आपलं पिस्तूल भरताना स्वतःच्या हातावर गोळी झाडून बसला.

तपासताना, उघडताना, भरताना. तिन्ही वेळा बार उडाला तो हत्यार हाताळताना. म्हणून मला वाटतं, दारातल्या गर्दीत पिस्तूल रिकामं करायला लावणंच बंद करावं. अंगावरचं हत्यार गाडीत कुलूपबंद ठेवावं. विकायला आणलेलं हत्यार वेगळ्या खोलीत, वाळूच्या पोत्यांकडे नळी करून, एकेकाने उघडावं. आणि आत विकलेली काडतुसं बाहेर पडताना हातात द्यावीत. दुसरं म्हणजे याला ‘अपघात’ म्हणणं सोडून द्या. हा हलगर्जीपणा आहे.

टेक्सासचा_पाटील

दादा, तुमची तळमळ कळली, पण उपाय पटला नाही. मी बारा वर्षं परवान्याचं पिस्तूल बाळगतो आणि वर्षाला चार-पाच शो करतो. हत्यार गाडीत ठेवा म्हणता. गन शोच्या पार्किंगमध्ये शेकडो गाड्यांत पिस्तुलं आहेत हे चोराला आयतं सांगितल्यासारखं होईल. चोरीला गेलेलं पिस्तूल पुढे कुणाच्या हाती पडेल याचा विचार केलात का? शिवाय कमरेवरून काढून गाडीत ठेवायचं म्हणजेही हाताळणंच आलं, तेही अंधारात, एकट्याने, समोर तो म्हातारा स्वयंसेवक नसताना.

इंडियानापोलिसचं उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातं. तो माणूस बाहेर आल्यावरच भरत होता.

आणि तुमच्या गोष्टीत नियमानेच काम केलं ना? दुसरं काडतूस सापडलं ते तपासणीमुळेच.

वर्कशॉपवाला

सगळंच हलगर्जीपणा म्हणू नका. मी बंदुका दुरुस्त करतो. शोमध्ये जुन्या लष्करी रायफली येतात, त्या गोदामात कॉस्मोलिन नावाच्या घट्ट ग्रीसमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात. एसकेएस रायफलीचं उदाहरण घ्या. तिच्या बहुतेक नमुन्यांत फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या टाचणीला, स्प्रिंग नसतो, ती मोकळी सरकते. ग्रीस वाळून पिन पुढेच अडकली की बोल्ट, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा भाग, बंद होताना ती काडतुसावर आदळते आणि चापाला बोट न लावता बार होतो. एकामागून एक होतात कधीकधी. नवीन मालकाला याची कल्पनाही नसते. त्याला कुठल्या तोंडाने बेजबाबदार म्हणणार?

तसंच जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरचं. घोडा काडतुसावर टेकलेला असतो, हातातून निसटून घोड्यावर पडलं की गोळी सुटू शकते. म्हणून जुने लोक सहा घरांत पाचच काडतुसं भरायचे आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत गोविंदा यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली, तेव्हा लोकांनी नाही नाही ते तर्क केले. रिव्हॉल्व्हर पडून गोळी सुटू शकते हेच बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

ओहायोकर

वर्कशॉपवाले, एसकेएसचं मला ठाऊक नव्हतं, आभार. पण तो बार होण्यासाठी बोल्टसमोर जिवंत काडतूस लागतं. हॉलमध्ये ते का असावं? यंत्र बिघडलं तरी नळी जमिनीकडे असेल तर कुणाच्या पोटात छर्रे जात नाहीत.

पाटील, चोरीचा मुद्दा मानला. पण इंडियानापोलिसला इजा त्याला एकट्याला झाली. तोच बार आत, गर्दीत, झाला असता तर? आणि नियमाने काम केलं म्हणता, पण दुसरं काडतूस सापडलं ते त्या एका माणसाच्या सावधपणामुळे. त्याच्या जागी दमलेला, घाईतला पोरगा असता तर?

लास वेगासच्या शॉट शोमध्ये मांडलेल्या प्रत्येक बंदुकीची फायरिंग पिन काढलेली असते. तिथे जमतं.

टेक्सासचा_पाटील

तिथे विक्री होत नाही! व्यापाऱ्यांचं प्रदर्शन आहे ते. पिन काढलेली बंदूक मी गिऱ्हाइकाला कशी विकू? त्याला चाप ओढून बघायचा असतो. तो मला विचारतो, मी स्वतः चेंबर बघतो, त्याला दाखवतो, मग पट्टा कापतो. घाईत कधीच नाही.

दोन_मुलांची_आई

तुम्ही सगळे पट्टा आणि पिन यावर बोलताय. पोरं तिथे का नेता, हे कुणीच विचारत नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डला २६ ऑक्टोबर २००८ रोजी मशीनगन चालवून बघण्याचा मेळा होता. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात मायक्रो उझी दिली. बंदूक लहान, हलकी, आणि गोळ्या इतक्या वेगाने सुटतात की धक्क्याने नळी वर आणि मागे उसळते. त्याच्या डोक्यात गोळी गेली. बाप जवळच उभा होता. संयोजकावर खटला चालला, २०११ मध्ये तो निर्दोष सुटला. सगळ्यांनी आपापले नियम पाळले असतील, पण पोर गेलं.

या देशात खेळण्यातल्या पिस्तुलाच्या सुरक्षिततेवर सरकारी आयोगाची नजर असते. खऱ्या बंदुका आणि काडतुसं मात्र १९७२ च्या कायद्यापासूनच त्या आयोगाच्या कक्षेबाहेर आहेत. मला हे आई म्हणून सहन होत नाही.

बालेवाडी_रेंज

मी पुण्यात मुलांना दहा मीटर एअर रायफल शिकवते. ताई, माझ्याकडे बारा वर्षांची मुलं आहेत, पण पहिले कितीतरी दिवस ती फक्त रायफल उचलणं, ठेवणं आणि सेफ्टी फ्लॅग शिकतात. फ्लॅग म्हणजे भडक नारिंगी दोरी, अख्ख्या नळीतून जाते आणि दोन्ही टोकं बाहेर दिसतात. आंतरराष्ट्रीय नियमच आहे, ऑलिंपिकलाही. लांबून कुणालाही कळतं की नळी मोकळी आहे, कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. दारावरच्या पट्ट्यापेक्षा मला हा बरा वाटतो, कारण पट्टा चेंबर अडवतो, तर दोरी मोकळी नळी डोळ्यांना दाखवते.

देवरुखकर

हे वाचून आजोबांची ठासणीची बंदूक आठवली. शेतीसंरक्षणाचा परवाना होता, रानडुकरांसाठी. भिंतीवरून काढली की आधी गज नळीत सोडायचे. गजावर त्यांनी कानशीने खूण केली होती. खूण नळीच्या तोंडाशी आली तर मोकळी, वर राहिली तर आत दारू आहे. दिवसातून चारदा काढली तर चारदा गज. मी एकदा म्हटलं, “आबा, आत्ताच तर बघितलीत.” त्यांनी उत्तर दिलं नाही, माझा हात धरून मला नळीसमोरून मागे ओढलं.

टेक्सासचा_पाटील

नारिंगी दोरीचं पटलं. पुढच्या शोला माझ्या टेबलावरच्या सगळ्या लांब बंदुकांना घालतो, स्वतःच्या खर्चाने. आणि दारावर हत्यार रिकामं करताना नळी ज्याच्याकडे धरतात ते वाळूचं पिंप रांगेपासून लांब, भिंतीकडे हलवायला संयोजकांना सांगेन. पण ओहायोकर, माझं पिस्तूल गाडीत राहणार नाही. त्यावर आपलं जमायचं नाही.

ओहायोकर

नाही जमणार. पिंप हलवलंत की रांग त्याच्या कुठल्या बाजूला उभी राहते तेवढं मात्र बघा.