पोटाचा घेर ९६, सीआरपी ४.२, शुगर १०८: यांचा आपसात संबंध काय?

प्रश्न:
उंची १७० सेंमी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २४.५, पण पोटाचा घेर ९६ सेंमी (बेंबीवर मोजलेला). उपाशीपोटी शुगर १०८, इन्सुलिन १५, एचबीए१सी (शुगरची दीर्घ सरासरी) ५.६, एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) ४.२. ताप नाही, सांधेदुखी नाही. मग ही सूज कुठली? आणि एचबीए१सी ठीक असताना शुगर १०८ कशी?

प्रतिसाद १:
सूज बहुधा पोटातल्या चरबीची. कातडीखालची चरबी चिमटीत येते, ती त्यामानाने गरीब. आतड्यांभोवतीची चिमटीत येत नाही आणि खोड्या तीच करते. तिथल्या पेशी फुगल्या की मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक पेशी) ठाण मांडतात, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा ही सूज वाढवणारी द्रव्यं सुटतात. या भागातलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं. इंटरल्यूकिन-६ मुळे यकृत सीआरपी बनवतं. टीएनएफ आणि सुटी फॅटी ॲसिडं इन्सुलिनचा निरोप अडवतात. मग यकृत रात्रभर ग्लुकोज सोडत बसतं, म्हणून सकाळची शुगर चढते. एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी. जेवणानंतरची शुगर अजून आटोक्यात असेल तर ते ५.७ च्या आत राहू शकतं.

होमा-आयआर (शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही, त्याचा आकडा) काढा: १०८ × १५ ÷ ४०५ = ४. लॅबगणिक मर्यादा बदलते, पण ४ जास्तच.

प्रतिसाद २:
एका सीआरपीवर भिस्त नको. दोन आठवड्यांनी पुन्हा करून सरासरी घ्या. १ च्या आत धोका कमी, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर आधी जंतुसंसर्ग शोधायचा. सर्दी, सुजलेली हिरडी, आदल्या दिवशीचा दमछाक करणारा व्यायाम, इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांनी आकडा वाढतो, स्टॅटिनने (कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी) उतरतो. एककही बघा: ०.४२ मिग्रॅ/डेलि म्हणजेच ४.२ मिग्रॅ/लिटर. इथे भले भले फसतात.

लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसतं, तेव्हा हिमोग्लोबिन सोबत तपासा.

प्रतिसाद ३:
बेंबीवर मोजू नका, सुटलेल्या पोटाबरोबर ती खाली सरकते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. टेप आडवी, कातडीत न रुतणारी. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचा. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, म्हणजे तुमच्यासाठी ८५.

प्रश्नकर्ता:
पोटाचे व्यायाम करून उतरेल?

प्रतिसाद १:
त्याने स्नायू घट्ट होतील, आतली चरबी तिथल्या तिथे. एकूण वजन उतरलं की ही चरबी मात्र लवकर हलते. २००२ च्या अमेरिकी मधुमेह-प्रतिबंध चाचणीत ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच लक्ष्य होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमचे ७ टक्के म्हणजे साधारण ५ किलो. तीन महिन्यांनी घेर, इन्सुलिन, सीआरपी एकाच सकाळी पुन्हा बघा.