‘फेडरलिस्ट’ म्हणजे ‘संघराज्यवादी’ का?

प्रश्न : अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पक्षांवरच्या मजकुरात ‘फेडरलिस्ट’साठी ‘संघराज्यवादी’ आणि जेफरसनच्या ‘रिपब्लिकन’ पक्षासाठी ‘प्रजासत्ताकवादी’ चालेल का?

उत्तर : पहिल्या शब्दाने अर्थ उलटा पोचेल. आपल्याकडे संघराज्यवादाचा आग्रह म्हणजे राज्यांच्या हक्कांचा आग्रह. फेडरलिस्टांना, म्हणजे पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन याच्या पक्षाला, हवं होतं बलवान केंद्र. राज्यांची स्वातंत्र्ययुद्धातली कर्जं १७९० साली केंद्राने अंगावर घेतली, १७९१ मध्ये एक कोटी डॉलर भांडवलाची राष्ट्रीय बँक मंजूर झाली, त्याच वर्षी व्हिस्कीवर कर बसला. १७९४ मध्ये त्या कराविरुद्ध पश्चिम पेनसिल्व्हेनियात उठाव झाला, तेव्हा सुमारे १३ हजारांचं सैन्य धाडलं गेलं. ‘संघवादी’ तर नकोच, मराठी वाचकाला भलताच संघ आठवेल. ‘फेडरलिस्ट’ हे विशेषनाम तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात ‘बलवान केंद्राचा पुरस्कर्ता पक्ष’ असा खुलासा द्या.

पुरवणी : नावाचा घोळ १७८७ सालचा आहे. तोवर ‘फेडरल’ म्हणजे स्वतंत्र राज्यांची सैल जूट. तिच्या काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवता येत नसे आणि घटनादुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागे. नव्या राज्यघटनेच्या समर्थकांनी हेच लोकप्रिय नाव आधी उचललं, त्यामुळे विरोधकांच्या वाट्याला ‘अँटी-फेडरलिस्ट’ हा शिक्का आला. मात्र ते विरोधक आणि पुढचा जेफरसनचा पक्ष एकच समजू नका. पुढे अध्यक्ष झालेला जेम्स मॅडिसन १७८८ मध्ये फेडरलिस्टांच्या आघाडीवर होता आणि १७९२ पर्यंत रिपब्लिकनांचा नेता झाला होता. म्हणून फेडरलिस्ट ‘गट’ (१७८७-८८) आणि ‘पक्ष’ (१७९० नंतर) हा भेद अनुवादातही दिसला पाहिजे.

दुसरं उत्तर : ‘प्रजासत्ताकवादी’ला माझा विरोध आहे. त्यातून फेडरलिस्ट राजेशाहीवाले होते असं सूचित होतं, आणि जेफरसनच्या गोटाचा आरोप नेमका तोच होता. अनुवादकाने नकळत बाजू घेतल्यासारखं होईल. नुसतं ‘रिपब्लिकन’ लिहिलं तर वाचक १८५४ साली स्थापन झालेला आजचा पक्ष समजेल. ‘जेफरसनचा रिपब्लिकन पक्ष’ लिहा. इतिहासकारांचा ‘डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन’ही चालेल.

खरा वाद घटनेतल्या ‘आवश्यक आणि योग्य’ या शब्दांचा होता : दिलेले अधिकार राबवायला असे कायदे काँग्रेसला करता येतात. बँकेच्या वेळी जेफरसन म्हणाला, ज्यावाचून दिलेला अधिकार निरर्थक ठरेल तेवढंच आवश्यक. हॅमिल्टनच्या मते उद्दिष्टाला उपयुक्त ते सारं त्यात बसतं. वॉशिंग्टनने हॅमिल्टनचं ऐकून सही केली. या दोन वाचनांना ‘काटेकोर अर्थ’ आणि ‘व्यापक अर्थ’ म्हणावं. ‘कठोर’ नको, त्याने शिक्षेचा वास येतो.

शंका : मग जेफरसनच्या पक्षाला ‘लहान सरकारचा पक्ष’ म्हणावं का?

उत्तर : पक्षाच्या भूमिकेपुरतं म्हणता येईल, कारभाराबद्दल जपून. जेफरसनने सैन्य-आरमाराचा खर्च छाटला, व्हिस्कीवरचा कर काढवला. पण १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरना लुईझियाना घेतला, तेव्हा प्रदेश विकत घेण्याचा स्पष्ट अधिकार घटनेत नव्हता. बँकेची २० वर्षांची सनद १८११ मध्ये संपली आणि १८१६ मध्ये दुसरी राष्ट्रीय बँक मंजूर करणारी सही त्याच पक्षाच्या अध्यक्षाची, मॅडिसनचीच होती.