सासऱ्यांचा कॉम्प्युटर फार जपल्यामुळेच बिघडतोय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. गणपतीला सावंतवाडीजवळ सासरी आलेय, अजून चार दिवस आहे, तेवढ्यात काय ते उरकायचंय.

सासऱ्यांचा २०१७ चा असेंबल्ड डेस्कटॉप आहे, आय३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, साधी १ टीबी हार्डडिस्क. काम काय, तर घराण्याचा कुलवृत्तान्त टाईप करणं आणि रविवारी नातवाशी व्हिडिओ कॉल. हल्ली कॉल लावला की १०-१५ मिनिटांत पीसी आपोआप बंद पडतो, त्याआधी पंखा असा घों घों करतो की वाटतं गिरणीच सुरू झाली. रिपेअरवाला न उघडताच म्हणाला मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या, २२ हजार. आप्पा म्हणतात, "मी एवढा जपून वापरतो, माझ्याकडे बिघडेलच कसा?"

आणि खरंच जपतात हो, मला तर तोच प्रॉब्लेम वाटतोय. सासूबाईंच्या जुन्या साडीचं कव्हर शिवून घेतलंय, पडवीत तांबडी धूळ येते म्हणून पीसी चालू असतानाही ते सीपीयूवरून काढत नाहीत, फक्त मॉनिटरपुरतं वर सरकवतात, पदर वर केल्यासारखं. पावसात "दमट हवेत नको" म्हणून आठवड्यातून एकदाच लावतात. काम झालं की शटडाऊन वगैरे काही नाही, थेट बोर्डाचं बटण बंद, टीव्हीसारखं. सीपीयू जमिनीवर आणि शेजारी देव्हारा, दोन्ही वेळ धूप. यूपीएस आहे पण लाईट गेली की पीसी त्याच क्षणी बंद आणि यूपीएस नुसता टीं टीं करतो, मागच्या महिन्यात त्यात कुलवृत्तान्ताची तीन पानं गेली.

काल साईडचं झाकण उघडलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली ती ॲल्युमिनियमची पाती असतात ना, त्यात धूळ धुपाच्या काजळीने चिकटून चिकटून गोधडीसारखी जाड झाली होती आणि तळाला पालीची दोन रिकामी अंडी! शिवाय कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, आप्पा म्हणतात ते पहिल्यापासून आहे.

तर हे घरच्या घरी साफ करता येईल का, आणि रोजच्या कुठल्या सवयी बदलायला लावू? सासरे आहेत, "चुकताय" असं तोंडावर म्हणवत नाही.

प्रतिसाद १
ताई, मदरबोर्ड वगैरे काही नाही, हे तापण्याचं लक्षण आहे. प्रोसेसर १०० डिग्रीच्या आसपास गेला की आधी स्वतःचा स्पीड कमी करतो, तरी भागलं नाही तर बंदच पडतो. चालू करताना डिलीट दाबत राहा, बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, टेम्परेचर दिसेल ते आधी लिहून ठेवा. मग प्लग काढून पॉवर बटण ५-१० सेकंद दाबून धरा, आणि मऊ रंगाच्या ब्रशने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरगर फिरून बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसर आणि त्या पात्यांच्या मधली, उष्णता वाहून नेणारी २०१७ पासूनची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल, ती पुसून वाटाण्याएवढी नवीन लावा. एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज राहतो.

आणि पावसात उलट रोज अर्धा तास चालू ठेवायला सांगा, आतल्या उबेने ओल धरत नाही. बंद करून झाकून ठेवला की बुरशी, मुंग्या, पाली सगळ्यांची सोय. कव्हर घालायचं ते बंद करून गार झाल्यावर.

प्रतिसाद २
सगळे धुळीवर बोलतायत, पण ताई, हाताला येणाऱ्या त्या मुंग्यांचं आधी बघा. थ्री पिनला टू पिनची जोड लावलीय का कुठे? एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मा म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. करंट किरकोळ असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण पहिल्यापासून आहे म्हणून सोडून देऊ नका, वायरमन बोलवा.

यूपीएसची बॅटरी मेलीय. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची मिळते, २-३ वर्षांनी बदलावीच लागते. आणि वीज कडाडायला लागली की प्लगबरोबर इंटरनेटची वायरही काढायची, आमच्याकडे ऑक्टोबरात मोडेमच्या वायरीतून येऊन मदरबोर्ड जळाला होता.

मूळ प्रश्नकर्ती
खूप खूप आभार! बायोसमध्ये ९४ दाखवत होता, साफ करून पेस्ट लावल्यावर ५१. काल पाऊण तास कॉल चालला, बंद नाही पडला. टू पिनची जोड होतीच, ती काढली तर कळलं बोर्डात अर्थिंगची वायरच नाहीये, वायरमन उद्या येतोय, तोवर पीसी बंद. बॅटरी पुण्याहून पाठवते.

आप्पांना मी काही बोललेच नाही, नुसती ती धुळीची गोधडी कागदावर काढून समोर ठेवली. बराच वेळ बघत बसले, मग स्वतःच विटांवर फळी टाकून सीपीयू वर ठेवला, देव्हाऱ्यापासून लांब. कव्हर काढून घडी घातलंय, पण साडी सासूबाईंची, त्यामुळे ते ठेवायचं कुठे यावर सकाळपासून बैठक चालू आहे.