सभागृहातील टीव्हीवर आवाज आधी, चित्र मागून

सिंदेवाहीकर: नमस्कार. आमच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात मोफत वाहिन्यांचा सेट-टॉप बॉक्स आणि मोठा टीव्ही आहे. चित्र एचडीएमआय केबलने टीव्हीत जाते. पण टीव्हीचा आवाज पुरत नसल्याने बॉक्सच्या मागील लाल-पांढऱ्या पिनांमधून तो थेट भजनी मंडळाच्या अॅम्प्लिफायरला दिला आहे. निवेदकाचे ओठ हलण्याआधीच शब्द ऐकू येतो. नवल असे की, ही तक्रार पुढच्या सतरंजीवर बसणाऱ्यांचीच आहे; साठेक फुटांवर दाराशी उभे राहणाऱ्यांना काहीच खटकत नाही. शिवाय मंडईतल्या (आमच्याकडच्या गावजत्रेतल्या) नाटकाचे मोबाइलवरील चित्रीकरण पेनड्राइव्हने लावले की आरंभी सारे जुळते, मात्र दुसऱ्या अंकापर्यंत दोहोंची फारकत होते. बॉक्स बदलावा काय?

रेडिओ-दुरुस्ती, ब्रह्मपुरी: बॉक्स बदलू नका, त्याचा दोष दिसत नाही. प्रक्षेपणात चित्राला आणि आवाजाच्या तुकड्यांना सेकंदाच्या ९०,०००व्या भागात मोजलेले वेळेचे शिक्के असतात. बॉक्समध्ये २७ मेगाहर्ट्झचे घड्याळ चालते, आणि प्रक्षेपक आपल्या घड्याळाची वेळ निदान दर १०० मिलिसेकंदांनी (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) पाठवत असल्याने बॉक्स आपले घड्याळ सतत त्याच्याशी जुळवून घेतो. म्हणजे बॉक्समधून दोन्ही एकत्रच निघतात. पुढे टीव्ही चित्र अधिक स्वच्छ आणि सफाईदार करण्यात वेळ घालवतो, तर अॅम्प्लिफायरकडे गेलेला आवाज कशासाठीच थांबत नाही.

दाराशी उभे असलेले खोटे बोलत नाहीत. ध्वनी एका मिलिसेकंदात जेमतेम फूटभर जातो, त्यामुळे ६० फुटांवर तो ५० मिलिसेकंदांहून थोडा अधिक उशिरा पोहोचतो आणि तेवढी तफावत आपोआप भरून निघते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी जाणवू लागतो, मागे पडल्यास मात्र १२५ पर्यंत सहसा लक्षात येत नाही. दूरची कुऱ्हाड आधी दिसते आणि मग ऐकू येते, याची आपल्याला सवयच असते.

आवाज बॉक्सऐवजी टीव्हीच्या हेडफोनच्या छिद्रातून घ्या. टीव्ही आपल्या चित्राइतकाच उशीर सहसा आवाजालाही लावतो.

चित्रफीतवाला: पेनड्राइव्हचा आजार निराळा आहे. तफावत कायम तेवढीच असेल तर दोष वाटेतल्या उशिराचा. वाढत जात असेल तर दोष वेगाचा. रात्रीच्या रंगमंचावर उजेड कमी पडला की पुष्कळ मोबाइल दर सेकंदाची चित्रे आपणहून कमी-अधिक करतात, आणि वेळेचे शिक्के न जुमानणारे यंत्र ती एकाच ठरावीक गतीने दाखवते. सेकंदाला २९.९७ ऐवजी ३० चित्रे धरली तरी तासाला साडेतीन सेकंदांचा फरक पडतो. संगणकावर फाइल एकसमान चित्रगतीत रूपांतरित करून घ्या, आवाजाला हात लावू नका. नंतर अखेरच्या प्रवेशात टाळी किंवा ढोलकीची थाप पाहून खात्री करा.

सिंदेवाहीकर: आभारी आहे. हेडफोनच्या छिद्रातून आवाज घेतल्यावर पहिल्या ओळीची तक्रार मिटली. आता मात्र टीव्हीचा रिमोट दाबला की अॅम्प्लिफायरचाही आवाज कमी होतो.

रेडिओ-दुरुस्ती, ब्रह्मपुरी: त्या छिद्राचे बहुधा तसेच असते. टीव्हीचा आवाज मध्यम पातळीवर ठेवून रिमोट कपाटात ठेवा, आणि कमी-जास्त करायचे ते अॅम्प्लिफायरवरच करा.